ऐकणाऱ्यांचा बँड

१९६४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात तीन तरुण एका माणसाचा पत्ता काढत पोहोचले. सन हाउस त्याचं नाव. १९३० साली त्याने पॅरामाउंट कंपनीसाठी मोजकी गाणी ध्वनिमुद्रित केली होती, १९४१-४२ मध्ये ॲलन लोमॅक्सने अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी मिसिसिपीत जाऊन त्याला पुन्हा मुद्रित केलं होतं. पुढे तो उत्तरेला आला, रेल्वेत नोकरीला लागला आणि गिटार सुटली ती सुटलीच. रॉबर्ट जॉन्सन आणि मडी वॉटर्स ज्याचं बघून शिकले, त्या माणसाची बोटं आता स्वतःचीच गाणी विसरली होती. त्याला पुन्हा मंचावर बसवायचं तर आधी कुणीतरी त्याच्या जुन्या तबकड्या घेऊन त्याच्यासमोर बसायला हवं होतं. कुठल्या गाण्यात बोट कुठे सरकत होतं, १९३० मध्ये ते कसं वाजलं होतं आणि १९४२ मध्ये त्यात काय बदल झाला होता, हे त्याला वाजवून दाखवायला हवं होतं. हे काम केलं बॉस्टनकडच्या एका एकवीस वर्षांच्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, कमालीच्या बुजऱ्या मुलाने. त्याचं नाव ॲलन विल्सन. एप्रिल १९६५ मध्ये कोलंबिया कंपनीने सन हाउसचं पुनरागमन मुद्रित केलं, तेव्हा त्यातल्या एका गाण्यात गिटारची आणि एका गाण्यात माउथ ऑर्गनची साथ या मुलाचीच आहे.

शिष्याने गुरूला गुरूचीच गाणी परत शिकवावीत, असा हा प्रसंग. त्याच वर्षी, १९६५ मध्ये, लॉस एंजेलिसला जाऊन विल्सनने बॉब हाइट नावाच्या रेकॉर्डवेड्या माणसाबरोबर एक बँड काढला: कॅन्ड हीट. या पुस्तकाचा विषय तो बँड आहे. साठ वर्षांच्या कारकिर्दीत त्याने तीन मोठी गाजलेली गाणी दिली, वुडस्टॉक महोत्सवाची एक संध्याकाळ गाजवली, जॉन ली हुकरबरोबर एक अजोड संच केला, आपली दोन मुख्य माणसं अकाली गमावली आणि तरीही तो थांबला नाही. ब्लूज आणि सायकेडेलिक रॉकच्या इतिहासात त्याच्याहून चमकदार बँड बरेच आहेत. त्याच्याइतकं लक्षपूर्वक ऐकणारा मात्र मला दुसरा दिसत नाही. हे पुस्तक मी लिहिलं ते त्या ऐकण्यासाठी.

रॉकच्या इतिहासाची पुस्तकं बहुधा गायकांपासून आणि गिटारवाल्यांपासून सुरू होतात. इथे सुरुवात संग्राहकांपासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय गायकांची गाणी ७८ च्या वेगाने फिरणाऱ्या तबकड्यांवर निघाली. त्या तबकड्यांच्या मसाल्यात लाख असे, आणि त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातल्या जंगलांतून गोळा होऊन कलकत्त्याच्या बंदरातून जाई. मिसिसिपीतल्या एखाद्या शेतमजुराचा आवाज आपल्याकडच्या झाडांवरच्या किड्याने तयार केलेल्या द्रव्यात कोरला गेला, ही गोष्ट मला कधीच क्षुल्लक वाटली नाही. पॅरामाउंट ही मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. तिच्या तबकड्या स्वस्त, खरखरीत आणि चटकन झिजणाऱ्या. मंदीत कंपनी बुडाली, धातूचे मूळ साचे भंगारात गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, तेव्हा घराघरांतून जुन्या तबकड्या जमवून वितळवल्या गेल्या. त्यामुळे काही गाण्यांच्या जगभरात दोन-चारच प्रती उरल्या. त्या जुन्या सामानाच्या दुकानांत, दारोदार, खेड्यापाड्यांत शोधत फिरणारी तरुणांची एक लहानशी जमात पन्नास आणि साठच्या दशकात तयार झाली. कॅन्ड हीट त्या जमातीतून आला.

बॉब हाइट लहानपणापासून रेकॉर्ड जमवत होता. देहाने अवाढव्य, दाढीवाला, बोलका. म्हणून सगळे त्याला अस्वल म्हणत. घरात हजारो तबकड्या, आणि कुठली कुठे आहे, तिच्या मागच्या बाजूला काय आहे, तिच्यावर कोण वाजवतं आहे, हे सगळं तोंडपाठ. विल्सन त्याच्या अगदी उलट. त्याला घुबड हे नाव दिलं गिटारवादक जॉन फेहीने, कारण त्याला चष्म्याशिवाय जवळजवळ दिसतच नसे. फेही तेव्हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली पॅटन या मिसिसिपी डेल्टातल्या आद्य गायकावर एम.ए.चा प्रबंध लिहीत होता. पॅटनच्या गाण्यांचं स्वरलेखन आणि विश्लेषण यासाठी त्याला संगीतशास्त्र जाणणारा माणूस हवा होता, म्हणून त्याने विल्सनला पूर्व किनाऱ्यावरून आपल्याबरोबर आणलं. हा प्रबंध पुढे पुस्तकरूपाने आला आणि आजही पॅटनचा अभ्यास करणारा माणूस तो उघडल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणजे ज्या मुलाने पुढे रेडिओवर लाखोंना गाणं ऐकवलं, तो कॅलिफोर्नियात आला तो एका प्रबंधाला हातभार लावायला.

तिसरा हेन्री वेस्टाइन. याचे वडील नामांकित भूभौतिकशास्त्रज्ञ. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. मुलगा मात्र मोटार घेऊन दक्षिणेत जुन्या गायकांना शोधत हिंडला. ज्या उन्हाळ्यात सन हाउस सापडला, त्याच उन्हाळ्यात फेही, बिल बार्थ आणि वेस्टाइन या तिघांना मिसिसिपीतल्या ट्युनिका इथल्या रुग्णालयात स्किप जेम्स सापडला. १९३१ मध्ये अद्भुत गाणी मुद्रित करून तो दिसेनासा झाला होता. बेसवर लॅरी टेलर, जो त्याआधी जेरी ली लुइसबरोबर वाजवत असे. आणि १९६७ च्या डिसेंबरात ड्रम्सवर आला मेक्सिको सिटीचा आडोल्फो दे ला पारा, सगळ्यांचा फितो. त्याचं नाव इथेच लक्षात ठेवावं, कारण गोष्ट शेवटी त्याच्यापाशी येऊन पोहोचते.

बँडचं नाव टॉमी जॉन्सनच्या १९२८ च्या एका गाण्यावरून घेतलं. दारूबंदीच्या काळात गरीब माणसं डबाबंद जळाऊ इंधन गाळून पीत. त्या विषाची तलफ आणि त्यापायी होणारी दशा हा त्या गाण्याचा विषय. पंचविशीच्या आतल्या मुलांनी कौतुकाने निवडलेलं हे नाव पुढे त्यांच्याच वाट्याला आलं, हे या पुस्तकातल्या नंतरच्या प्रकरणांत वाचताना मन कष्टी होतं.

जून १९६७ मध्ये माँटेरीच्या महोत्सवात हा बँड मोठ्या जनसमुदायापुढे उभा राहिला. पेनेबेकरने त्या महोत्सवावर केलेल्या चित्रपटात त्या दुपारचा तुकडा पाहायला मिळतो. पाठोपाठ पहिला अल्बम आला. तो नेटका आहे, प्रामाणिक आहे, पण त्यात विद्यार्थी परीक्षा देत असल्यासारखं वाटतं. त्याच शरद ऋतूत डेन्व्हरमध्ये पोलिसांनी धाड घातली आणि गांजा बाळगल्याच्या आरोपाखाली विल्सन वगळता बाकी सगळ्यांना पकडलं. वकिलाचा खर्च भागवण्यासाठी बँडने गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क लिबर्टी या आपल्या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखाला १०,००० डॉलर्सना विकले, असं फितोने आपल्या आत्मकथनात सांगितलं आहे. गाजलेली गाणी अजून यायची होती. ती आली तेव्हा त्यांच्या प्रकाशनाची कमाई बँडच्या हातात राहिली नव्हती. पुढची अनेक वर्षं हे कलाकार इतके कार्यक्रम का करत राहिले, सततच्या प्रवासाने मोडून पडेपर्यंत का फिरत राहिले, याचं एक मोठं कारण त्या सहीत आहे.

आता थोडं थांबून ‘ऑन द रोड अगेन’ या गाण्याकडे जवळून पाहायला हवं. १९६८ च्या ‘बूगी विथ कॅन्ड हीट’ या दुसऱ्या अल्बममधलं हे गाणं अमेरिकेत १६व्या आणि ब्रिटनमध्ये ८व्या क्रमांकापर्यंत चढलं. याचं मूळ टॉमी जॉन्सनच्या १९२८ च्याच दुसऱ्या एका गाण्यात आहे. त्यावरून शिकागोच्या फ्लॉइड जोन्सने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आपलं गाणं बांधलं आणि फ्लॉइड जोन्सवरून विल्सनने आपलं. इतक्या हातांतून आलेल्या गाण्यात विल्सनने नवं काय केलं? पहिली गोष्ट तंबोरा. गाणं सुरू होतं ते तंबोऱ्याच्या नादावर, आणि तो नाद गाणंभर मागे राहतो. त्या दिवसांत भारतीय वाद्यं रॉकमध्ये शोभेला आणायची लाटच होती. एखाद्या गाण्यावर सतार शिंपडली की काम झालं. इथे तसं नाही. हे गाणं जवळजवळ एकाच स्वरमेळावर उभं आहे. नेहमीच्या ब्लूजमध्ये बारा मात्रागटांत स्वरमेळ बदलतात, तसे इथे बदलत नाहीत. डेल्टातले जुने गायकही असेच एका जागी ठाण मांडून गात. म्हणजे आधारस्वर आधीपासूनच त्या संगीतात होता, फक्त तो धरून ठेवणारं वाद्य नव्हतं. विल्सनने ते ओळखलं. तंबोरा तिथे बसला आहे तो गाण्याची गरज म्हणून.

दुसरी गोष्ट माउथ ऑर्गनची. ब्लूज वाजवणारे ए पट्टीचा माउथ ऑर्गन घेऊन त्यावर ई हा षड्ज मानून वाजवतात. त्यातल्या सहाव्या छिद्रातून श्वास आत ओढला की या षड्जाचा शुद्ध रिषभ मिळतो. विल्सनला तिथे कोमल गंधार हवा होता. ओठांनी आणि श्वासाने स्वर वाकवण्याची युक्ती त्या छिद्रावर हवा तो स्वर देत नाही; तिथे स्वर उतरतो, चढत नाही. मग त्याने वाद्य उघडून ती बारीक पत्तीच अर्ध्या स्वराने चढवून घेतली. गाण्यात माउथ ऑर्गन वर जाऊन तो कोमल गंधार स्वच्छ, सरळ लावतो, तेव्हा ऐकणाऱ्याला काहीतरी वेगळं घडल्याचं जाणवतं, पण काय ते कळत नाही. अनेक वादकांनी वर्षानुवर्षं नेहमीच्या माउथ ऑर्गनवर ते वाजवायचा प्रयत्न केला आणि ते चकले. ज्याला एक स्वर हवा आहे म्हणून वाद्याची पत्ती घासायचं सुचतं, त्याचा कान कुठल्या जातीचा होता हे वेगळं सांगायला नको. आणि या सगळ्यावर त्याचा आवाज: बारीक, कापरा, वरच्या पट्टीतला, थेट स्किप जेम्सच्या वळणाचा. रेडिओवर दणदणीत गायकांचं राज्य असताना हा कुजबुजल्यासारखा आवाज लोकांना कसा आवडला, याचं मला अजून नवल वाटतं.

भारतीय संगीताचा विल्सनचा नाद वरवरचा नव्हता. फेहीच्या १९६६ च्या एका अल्बममधल्या एका धूनवर त्याने वीणा वाजवली आहे. बँडच्या तिसऱ्या अल्बममध्ये, म्हणजे १९६८ च्याच ‘लिव्हिंग द ब्लूज’मध्ये, एक जवळपास वीस मिनिटांची नऊ भागांची रचना आहे. तिच्या एका भागाचं नावच ‘राग काफी’. आपल्याकडच्या रसिकाने हा भाग शास्त्रीय मैफलीच्या अपेक्षेने ऐकू नये. विस्तार, बढत असं त्यात काही नाही. पण काफीच का, हे बघण्यासारखं आहे. कोमल गंधार आणि कोमल निषाद हे काफीचे स्वर, आणि ब्लूजचा सगळा जीव याच दोन जागांवर. विल्सनने हे नातं कानाने शोधलं. सायकेडेलिक म्हणून जे संगीत तेव्हा निघालं, त्यातलं पुष्कळ आज ध्वनियंत्रांच्या करामतींपुरतं उरलं आहे. या नऊ भागांत मात्र चार वादक आपापल्या कोपऱ्यात बसून जगातल्या दूरदूरच्या संगीतांचा एकमेकांशी संबंध लावताना ऐकू येतात. सगळेच भाग जमलेले नाहीत. त्याच अल्बममधली चाळीस मिनिटांवर चालणारी बूगी मी पुरी ऐकली आहे आणि वाचकाने ती पुरी ऐकावी असा माझा आग्रह नाही. नाचणाऱ्या गर्दीपुढे जे रात्र जागवतं, ते तबकडीवर आलं की आपला अर्धा अर्थ मंचावरच ठेवून येतं.

याच अल्बममध्ये ‘गोइंग अप द कंट्री’ आहे, आणि त्याच्याबद्दल मोकळेपणाने लिहायला हवं. टेक्ससचा हेन्री थॉमस हा १८७४ मध्ये जन्मलेला भटका गायक. बोरूच्या नळ्या एकत्र बांधून केलेला पावा तोंडाशी धरून, गिटार वाजवत तो गाई. १९२७ ते १९२९ या काळात त्याने २३ गाणी मुद्रित केली, त्यात १९२८ चं ‘बुल डोझ ब्लूज’. कॅन्ड हीटच्या गाण्याची चाल तीच आहे. पाव्यावरची धून तर स्वरान् स्वर तीच. फक्त ती आता जिम हॉर्नच्या बासरीवर आली. शब्द विल्सनने नवे लिहिले. गाणं अमेरिकेत ११व्या क्रमांकावर गेलं, वुडस्टॉकच्या चित्रपटाने ते एका पिढीची ओळख बनवलं, आणि तबकडीवर कर्ता म्हणून नाव छापलं गेलं ते एकट्या ॲलन विल्सनचं. हेन्री थॉमसचा मागमूस कुणाला नव्हता, त्याचे वारस कोण हे ठाऊक नव्हतं, त्या काळी सगळेच असं करत, ही उत्तरं मला माहीत आहेत. ती मला पुरेशी वाटत नाहीत. ज्या माणसाने सन हाउसला त्याची गाणी परत दिली, त्याच्याकडून मला हेन्री थॉमसच्या नावाची एक ओळ हवी होती. माझं या बँडवर प्रेम आहे आणि म्हणूनच ही गोष्ट मी पुस्तकात तळटीपेत ढकललेली नाही. तिला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जे हयात होते, त्यांच्यासाठी या मंडळींनी मनापासून केलं. ह्यूस्टनमध्ये अल्बर्ट कॉलिन्सला ऐकल्यावर त्यांनी त्याला कॅलिफोर्नियात यायला लावलं आणि इंपीरियल कंपनीशी त्याचा करार जुळवून दिला. कॉलिन्सची मोठी कारकीर्द तिथून उभी राहिली. पियानोवादक सनीलँड स्लिमला आपल्या अल्बममध्ये वाजवायला बोलावलं आणि मग त्याचा स्वतंत्र अल्बम काढायला मदत केली. विल्बर्ट हॅरिसनचं ‘लेट्स वर्क टुगेदर’ यांनी गायलं, ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. पण अमेरिकेत खुद्द हॅरिसनची तबकडी चालू होती, तिचा बहर ओसरेपर्यंत त्यांनी आपली बाजारात आणली नाही. व्यवसायात असं कोण थांबतं? पुढे मेम्फिस स्लिम, क्लॅरन्स ‘गेटमाउथ’ ब्राउन अशा ज्येष्ठांबरोबर त्यांनी एकेक अल्बम केला. या प्रत्येक ठिकाणी हे तरुण साथीला बसले आहेत, हे ऐकताना लक्षात येतं.

वुडस्टॉकबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी थोडक्यात आटोपतो. १६ ऑगस्ट १९६९, शनिवार, संध्याकाळची वेळ. वेस्टाइन आणि टेलर यांचं काही आठवड्यांपूर्वीच फाटलं होतं, वेस्टाइन बाहेर पडला होता आणि हार्वी मँडेल नुकताच आला होता. नीट तालीमही झाली नव्हती. तरी त्या संध्याकाळचं चित्रण पाहावं. एक प्रेक्षक मंचावर चढतो, हाइटला बिलगतो, त्याच्या खिशातून सिगारेट काढतो, आणि हाइट गाता गाता त्याला कवेत घेऊन उभा राहतो. रखवालदाराला हाक नाही, गाण्यात खंड नाही. हा माणूस गर्दीला काय वाटत होता, ते त्या एका मिनिटात दिसतं.

माझ्या मते या बँडचं सर्वांत मोठं काम मे १९७० मध्ये झालं. जॉन ली हुकरबरोबर त्यांनी दोन तबकड्यांचा संच मुद्रित केला, ‘हुकर ’एन हीट’. १९४८ मध्ये ‘बूगी चिलन’ या एका गाण्याने हुकरने जो ठेका दिला, त्यावर कॅन्ड हीटचा अर्धा संसार उभा होता. पण हुकरला साथ करणं भल्याभल्यांना जमत नसे. तो मात्रा मोजून गाणारा नव्हेच. ओळ संपली की स्वरमेळ बदलणार, आणि ओळ कधी संपणार ते त्याच्या मनावर. बारा मात्रागटांची चौकट डोक्यात घेऊन बसलेला वादक तिसऱ्याच ओळीला उघडा पडे. म्हणून अनेक निर्मात्यांनी त्याला चौकटीत कोंबायचा प्रयत्न केला आणि त्याचं गाणं मारलं. इथे उलट केलं. सुरुवातीची गाणी हुकर एकटाच गातो. त्याच्या पायाखाली लाकडी फळी टाकली होती आणि तिच्याशी माइक लावला होता. त्यामुळे त्याच्या बुटाचा ठेका गिटारइतकाच स्पष्ट येतो. मग एका टप्प्यावर विल्सन हळूच आत येतो, कधी माउथ ऑर्गन, कधी पियानो, कधी गिटार घेऊन. हुकर वळायच्या आधी विल्सन वळलेला असतो. आपल्याकडे ठुमरीला सारंगीची साथ करणारा जाणता माणूस गायिकेचा श्वास ओळखून पुढचा स्वर तयार ठेवतो, तसं हे आहे. पूर्ण बँड येतो तो शेवटच्या भागात. तोवर आपल्याला कळलेलं असतं की इथे कोण कुणाच्या मागून चालतं आहे. हा संच जानेवारी १९७१ मध्ये बाजारात आला. चार्टवर पोहोचलेला हुकरचा तो पहिला अल्बम. मुखपृष्ठावरच्या छायाचित्रात खोलीत सगळे बसले आहेत आणि विल्सन भिंतीवर, चौकटीतल्या फोटोत आहे.

तोवर तो गेला होता. या प्रकरणाशी येताना पुष्कळ लेखक त्याला सत्ताविसाव्या वर्षी मेलेल्या संगीतकारांच्या यादीत बसवतात. त्यानंतर पंधरा दिवसांत हेंड्रिक्स गेला, महिन्याभरात जॅनिस जॉपलिन गेली, आणि यादी तयार झाली. मला त्या यादीचा राग येतो. ती वाचून विल्सनबद्दल काहीच कळत नाही. त्याला झाडांचा ध्यास होता. दौऱ्यावर असताना तो हॉटेलच्या खोलीऐवजी बाहेर झाडाखाली झोपण्याची थैली पसरत असे. जिथे जाई तिथली पानं आणि माती गोळा करी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची प्रचंड रेडवुड झाडं लाकडासाठी तोडली जात होती. त्यांच्या रक्षणासाठी त्याने लिहिलेला लेख ‘फ्यूचर ब्लूज’ या अल्बमच्या वेष्टणावर छापला आहे. त्याच वेष्टणाच्या दर्शनी बाजूला चंद्रावर उलटा झेंडा रोवणारे अंतराळवीर आहेत. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा जग हरखलं होतं. विल्सनने मात्र आता चंद्राचंही वाटोळं होणार या धास्तीने गाणं लिहिलं. १९६९-७० साली हवेच्या प्रदूषणावर, जंगलतोडीवर ब्लूजच्या बाजात गाणारा असा दुसरा माणूस मला माहीत नाही. आणि हे सगळं लिहिणारा माणूस खोल नैराश्यात होता. त्याच्यावर उपचारही झाले होते. ३ सप्टेंबर १९७० रोजी टोपांगा कॅन्यनमध्ये हाइटच्या घरामागच्या टेकडीवर तो आपल्या झोपण्याच्या थैलीत मृतावस्थेत सापडला. बार्बिच्युरेटच्या गोळ्यांचं अतिसेवन, अपघाती मृत्यू, अशी नोंद झाली. बँडला युरोपच्या दौऱ्यावर निघायचं होतं. ते गेले.

यापुढची पन्नासहून अधिक वर्षं बहुतेक इतिहासकार एका परिच्छेदात गुंडाळतात. या पुस्तकाचा जवळजवळ निम्मा भाग त्या वर्षांवर आहे. ती सगळी वर्षं सारखीच मोलाची आहेत असा माझा दावा नाही. सत्तरच्या दशकात अल्बम येत राहिले, माणसं येत-जात राहिली, लिटल रिचर्डबरोबरचं एखादं दणकेबाज गाणं सोडलं तर त्या काळातलं फारसं काही मी पुन्हा लावत नाही. व्यसनं वाढली, पैसा आटला. ५ एप्रिल १९८१ रोजी हॉलिवूडजवळच्या पालोमिनो क्लबमधल्या कार्यक्रमात हाइट हेरॉइनच्या अतिसेवनाने कोसळला आणि त्या रात्री गेला. वय ३८. ज्या तबकड्या त्याने आयुष्यभर जीव लावून जमवल्या होत्या, त्यांची पांगापांग झाली. वेस्टाइन परत आला, गेला, पुन्हा आला. ऑक्टोबर १९९७ मध्ये युरोपच्या दौऱ्याच्या शेवटी पॅरिसमधल्या हॉटेलात त्याचा मृत्यू झाला. लॅरी टेलर मधली बरीच वर्षं टॉम वेट्सबरोबर वाजवून परतला होता. तो २०१९ मध्ये गेला.

राहिला फितो. १९६७ पासून त्या ड्रम्सवर तोच आहे. विल्सन गेल्यावर बँड संपला असं लोक म्हणाले, हाइट गेल्यावर खात्रीने म्हणाले. मूळ गायक नाहीत, मूळ गिटारवादक नाहीत, तर मग नाव कशाला चालवायचं, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं आहे की या बँडचं भांडवल कधीच एखाद्याच्या चेहऱ्यात नव्हतं. त्याचं भांडवल होतं ऐकण्याची एक पद्धत आणि ठेका धरायची एक पद्धत, आणि ठेका तर मूळ माणसाच्याच हातात आहे. १९८९ मध्ये हुकरच्या ‘द हीलर’ या अल्बमने त्याला उतारवयात जगभर नाव दिलं. त्यातल्या एका गाण्यावर साथीला कॅन्ड हीटच होता, आणि ते गाणं ऐकताना बँड संपला होता असं कुणाला वाटेल? फितोने २००० च्या सुमारास आत्मकथन लिहिलं, तेही कुणाचीच बाजू न सावरता. आपले मित्र कशाने मेले, पैसा कुठे गेला, आपण कुठे चुकलो, सगळं त्यात आहे. २०२४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गिटारवर जिमी व्हिव्हिनो, बेसवर रिक रीड, माउथ ऑर्गन आणि गायनाला डेल स्पॉल्डिंग यांना घेऊन त्याने ‘फायनिल व्हायनिल’ हा नवा अल्बम काढला. तो ऐकण्याजोगा आहे. जुन्या नावावर भागवलेला नाही.

प्रकरणांचा क्रम काळाप्रमाणे ठेवला आहे, फक्त हेन्री थॉमस आणि लाखेच्या तबकड्या यांची दोन प्रकरणं आधी घेतली आहेत. ती टाळून पुढे जाऊ नये ही विनंती. गाणी ऐकत वाचायचं असेल तर सुरुवात बँडपासून करू नका. आधी टॉमी जॉन्सनच्या १९२८ च्या दोन-तीन तबकड्या ऐका, त्यांची खरखर सोसून. मग फ्लॉइड जोन्स ऐका. मग स्किप जेम्सची १९३१ ची गाणी, एकेक करून, रात्रीच्या वेळी. आणि त्यानंतर ‘ऑन द रोड अगेन’ लावा. हुकरबरोबरचा संच शेवटी ठेवा, आणि तो लावाल तेव्हा पहिल्यांदा हुकरचा पाय ऐका, दुसऱ्यांदा फक्त विल्सनचा माउथ ऑर्गन.